बिनमुठीचा जग

३ तारीख, रविवार

अभ्याससहल उद्या सकाळी निघणार. बाईंना दाखवायची वही वेगळी आहे. तिच्यात रेखाटनं आणि मापं येतील. या वहीत फक्त माझ्यापुरतं.

आधी माझी बाजू लिहून ठेवतो. वस्तुरचनेच्या शेवटच्या वर्षात संस्थेनं यंदा एक जागा 'अनुभवी कारागिरा'साठी ठेवली. त्या जागेच्या निवडीत माझा पहिला क्रमांक आला. अर्ज एकच आला होता असं आमची बारकी घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पण एकात पहिलं येणं हेही पहिलं येणंच. माझा लहानसा कारखाना आहे, त्यात मी मुठी करतो. लोक कपाला कान म्हणतात, तव्याला दांडा, दाराला हँडल. मी सगळ्याला मूठच म्हणतो, कारण धरणारा हात तोच असतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी लेथपुढे उभा राहून शिकलो, आणि लेथ काही समजावून सांगत बसत नाही.

अडचण एवढीच, की बारकी, म्हणजे माझी मुलगी, त्याच वर्गात आहे. ती तिथं आधीपासून होती हे मला मान्य. माझा प्रवेश झाला त्याच संध्याकाळी तिनं अट घातली, की संस्थेच्या फाटकाआत आपलं नातं नाही. सगळी मुलं मला काका म्हणतात, तीही काका म्हणते. आमचं आडनाव वर्गात आणखी काहीजणांचं आहे, त्यामुळे कोणाला शंका आलेली नाही.

सहलीत संग्रहालयं आहेत, स्टुडिओ आहेत. शेवटचा स्टुडिओ फार नावाजलेला. ते आमच्या वर्गातल्या एकाला सहा महिने कामाला घेणार आहेत. तिघांच्या वस्तू शेवटच्या फेरीत गेल्यात, त्यांत बारकीची एक. कसली वस्तू, ते ती सांगत नाही. मागच्या खोलीला कित्येक दिवस कुलूप आहे. आज बॅग भरताना मला म्हणाली, "बाबा, त्या स्टुडिओत तुम्ही काही बोलायचं नाही."

"मी बोलत नाही. दुरुस्ती सुचवतो."

"तीसुद्धा नाही."

आतून हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ओरडून सांगितलं, "त्यांच्याकडची पट्टी काढून घे गं." मोजायची पट्टी मी तोवर मोज्यात घातली होती.

४ तारीख, सोमवार

पोचलो. शहर मोठं आहे, वसतिगृह लहान. खोलीत माझ्याबरोबर लांब केसवाला आहे, त्याचाही दिवा शेवटच्या फेरीत गेलाय. पोरगा बरा आहे, फक्त दारं पायानं लावतो.

कपाटाची मूठ उलटी बसवलेली होती. सरळ केली. आता कपाट उघडत नाही, पण मूठ बरोबर आहे.

५ तारीख, मंगळवार

आज रोजच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय. चमचे, कुलपं, खुर्च्या, आरसे. बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं एक वस्तू निवडायची आणि तिच्यापुढे शांत बसायचं. मी वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीतली जुनी इस्त्री निवडली. खोलीचं दार उघडं टेकवून ठेवलेलं होतं. मी आत बसल्यावर पहारेकऱ्यानं ते लावून घेतलं.

इस्त्री उत्तम. मुठीला मधे पोट दिलेलं, मनगट वळू नये म्हणून. रेखाटन केलं आणि निघालो. आता दाराचं सांगतो. दाराला आतून उभी, गोल दांड्याची मूठ. अशी मूठ हाताला एकच गोष्ट सांगते: ओढ. आणि तिच्यावर काचेला चिठ्ठी चिकटवलेली: 'ढकला'. बाहेरच्या अंगाला सपाट पत्रा, ज्याला धरायला काही म्हणजे काही नाही, आणि त्याच्यावर चिठ्ठी: 'ओढा'. म्हणजे बसवणाऱ्यानं दार उलटं बसवलं आणि चिठ्ठ्या लावून हात झटकले.

मी मूठ धरून ओढलं. दार आलं नाही. ते येणार नाही हे मला दिसत होतं, मी आंधळा नाही. पण आज मी ढकललं असतं, तर उद्या कोणीही कुठलीही मूठ कुठंही लावायला मोकळा झाला असता. मी ओढत उभा राहिलो.

पहारेकरी फटीतून म्हणाला, "काका, ढकला."

"या मुठीला ढकलत नाहीत."

"लिहिलंय की त्याच्यावर."

"लिहावं लागलं, तिथंच सगळं आलं."

"बरं, मी इकडून ओढतो."

"कशाला धरून?"

त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. मग नखांनी करून पाहिलं. मग तोही विचारात पडला, आणि आपली खुर्ची आणून काचेपलीकडे माझ्यासमोर बसला.

लोक जमायला लागले. खोलीबाहेर इस्त्रीची माहिती लावलेली आहे: 'घरगुती वापराची. वजनाला जड. तापायला वेळ लागत नाही. आता दुर्मीळ.' लोक ती वाचत, माझ्याकडे पाहत आणि माना डोलवत. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अगदी खरा वाटतो ना?" नवरा म्हणाला, "डोळे हलतात बघ." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. एक दाढीवाले गृहस्थ मात्र जाणकार दिसले. ते बराच वेळ उभे राहून वहीत काहीतरी काढत होते. दाराची मूठ असावी. लांबून मला ते माझ्या तोंडासारखं दिसलं, पण काचेत प्रतिबिंब पडतं.

बाई आल्या. "काका, मुलं बसमधे बसलीयत हो."

"बसू देत. प्रश्न बसचा नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि खाली गेल्या. मग बारकी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मला ती एक शब्द बोलली नाही. पहारेकऱ्याला म्हणाली, "स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"कशाला?"

"ती मूठ काढा. स्क्रू तुमच्या बाजूनं आहेत."

त्यानं स्क्रू काढले. मूठ माझ्या हातात आली. आता समोर नुसती काच. नुसत्या काचेला माणूस ढकलतो. मी ढकललं आणि बाहेर आलो, मूठ पहारेकऱ्याच्या हवाली केली आणि ती कुठं बसवायची ते बोटानं दाखवलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाढीवाल्यांनी बारकीला विचारलं, "हे कसं सुचलं?"

"काकांना बदलण्यापेक्षा दार बदलायला कमी वेळ लागतो," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ते हसले, आणि त्यांनी आपलं कार्ड दिलं. मला दिलं, तिला नाही. हे नोंदवून ठेवतो.

६ तारीख, बुधवार

कार्ड पाहून बाई खुर्चीतून उठल्याच. दाढीवाले म्हणजे त्याच नावाजलेल्या स्टुडिओचे मालक. त्यांचा फोनही येऊन गेला: काकांना उद्या दिवसभर पाठवा, आम्हाला त्यांचा उपयोग आहे. बाई म्हणाल्या, "काका, असं आजवर कोणाच्या वाट्याला आलं नाही." मला त्यात नवल वाटलं नाही. आज ना उद्या कोणीतरी ओळखणारच होतं.

आजच्या संग्रहालयात बाईंनी मला हात खिशात ठेवायला सांगितलं. बारकी दिवसभर माझ्यापासून एक दालन पुढे होती.

७ तारीख, गुरुवार

स्टुडिओत बूट बाहेर काढायचे आणि पांढरे मोजे घालायचे. मोजे तेच देतात. मला एका खोलीत बसवलं. मधे टेबल, एका भिंतीला अख्खा आरसा. आरशातून मधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता. बांधकाम कच्चं.

काम असं: ते एकेक वस्तू आणून ठेवत, आणि मी ती वापरायची. कशी वापरायची ते सांगत नसत. मला सांगायची गरजही नव्हती. छत्री दिली, ती मी टेबलावर उभी करून पाहिली, कारण छत्रीची मूठ आधी तोलात आहे का ते पाहतात. ती उघडली आणि दिव्यात अडकली. मग एक डबा दिला, झाकण दाबलं की आपोआप उघडणारा. झाकणाला मूठ नव्हती, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि तळाची कड धरली. तळ निघून आला. आतलं सगळं टेबलावर.

आरशामागून कोणीतरी 'अगं आई' म्हणालं. एक तरुण बाई आत आली. तो डबा तिचा. त्याच्यावर ती तीन वर्षं काम करत होती, आणि तो तळाकडून उघडू शकतो हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकायला मिळालं की असं भरून येणारी माणसं आता राहिली नाहीत.

दाढीवाले हात चोळत आत आले. "आम्ही तुमच्यासारखा माणूस फार दिवस शोधत होतो. जी वस्तू चुकीची वापरताच येणार नाही असं आम्हाला वाटतं, ती तुमच्या हातात दिली की..." त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं. तोंडावर स्तुती करणं काहींना जड जातं.

मग म्हणाले, "उद्या तुमच्या वर्गातल्या तिघांच्या वस्तूसुद्धा तुमच्यावरच तपासतो. जी तुमच्या हातून तरेल, ती घेऊ. फक्त वापरणारा परका हवा, हा आमचा नियम आहे. त्या तिघांत कोणी नात्यातलं नाही ना?"

मी बारकीला शब्द दिलेला होता. "वर्गात माझं कोणाशी नातं नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी परत येताना तपासून पाहिलं. त्यात खोटं काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बारकीला वसतिगृहाच्या जिन्यात गाठून सांगितलं. ती पायरीवर बसलीच.

"नाही म्हणून कळवा."

"का म्हणून?"

"मग आजारी पडा."

"मी आजारी पडत नाही. आईला विचार."

"बाबा, त्या बाईंचा डबा तुम्ही तळाकडून उघडलात. आख्ख्या स्टुडिओत तेच चाललंय. आम्हा तिघांना फोन करून सांगितलं त्यांनी, तयारीत या म्हणून."

"तळ कच्चा होता."

तिनं थोडा वेळ गुडघ्यांत डोकं घातलं. मग खोलीतून खोकं आणलं आणि झाकण उचलून दाखवलं. पाण्याचा जग. पांढरा, चिनीमातीचा, पोटाशी एका अंगाला किंचित दबलेला. चोच चांगली आहे, ओतल्यावर थेंब मागे फिरणार नाही. मी हात पुढे केला तर तिनं खोकं मागे घेतलं. "आत्ता हात लावायचा नाही. उद्या परक्यासारखाच लावायचा."

"मूठ बसवायची राहिलीय," मी म्हणालो.

"राहिली नाहीये. ती नाहीच आहे."

"इथं जवळपास कोणाकडे लेथ असेल तर..."

"बाबा."

बाप मुठी करतो, घर मुठींनी भरलेलं, आणि मुलगी कुलूप लावून जग करते तो बिनमुठीचा. मला राग आलेला नाही. आला असता तर मी तसं लिहिलं असतं. जेवलो नाही, पण ते जेवण गार होतं म्हणून.

जाताना ती म्हणाली, "मला ही जागा हवीय, बाबा. इतकी दुसरी कुठलीच नकोय. उद्या फक्त पाणी ओता. एक शब्द बोलू नका."

आता अडचण मांडतो. जग हातातून निसटला, तर तिची जागा गेली. मुद्दाम सांभाळून धरला, तर मी लबाड ठरलो. आणि मूठ नसलेली वस्तू मी आजवर धरलेलीच नाही, म्हणजे नेमकं काय होईल ते मलाही माहीत नाही. शेवटी ठरवलं, हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. बोलायचं तेवढं नाही.

८ तारीख, शुक्रवार

सगळं ओळीनं लिहितो.

खोलीत दाढीवाले, डब्यावाली, आमच्या बाई आणि तिघं विद्यार्थी. सगळ्यांच्या पायांत पांढरे मोजे. पहिली वस्तू वर्गातल्या कुरळ्या केसांच्या मुलीची. मी तिच्यावर बसलो, आणि ती दुमडून जमिनीला लागली. तो स्टूल नव्हता, उंचावरचं काढायला पाय ठेवायची पायरी होती. कुरळी म्हणाली, "काका, लाल रंग दिलाय ना बसू नये म्हणून." मी बसलो होतो तिथून मला लाल रंग दिसत नव्हता.

दुसरा लांब केसवाल्याचा दिवा, नुसत्या स्पर्शानं लागणारा. माझ्या स्पर्शानं लागेना. माझ्या बोटांवर इतक्या वर्षांच्या पॉलिशचा थर आहे, त्यातून वीज आत येत नाही. तळहात लावला, कोपर लावलं. नाक लावल्यावर लागला, पण ते धरायचं नाही असं ठरलं. लांब केसवाल्यानं माझ्याकडे पाहिलं ते काही रूममेटसारखं नव्हतं.

मग जग. काठोकाठ भरलेला, शेजारी पेले. बारकी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. मी हात सैल सोडला आणि तो गेला. अंगठा आपण होऊन त्या दबलेल्या जागी बसला. करंगळी खाली एका खोबणीत गेली, जी मला काल दिसलीच नव्हती. तळहात आणि चिनीमाती यांच्यात वारा जाईल एवढीही फट उरली नाही. मी उचलला, पेला भरला. थेंब सांडला नाही. दुसरा भरला. मग कोणी सांगितलेलं नसताना बाईंचाही भरला.

मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही मुठीनं मला असं धरलेलं नाही, हे सांगायचं होतं. पण शब्द दिलेला होता.

दाढीवाल्यांचं तोंड उतरलं. "यांना जमलं?"

"शक्यच नाही," डब्यावाली म्हणाली आणि तिनं जग उचलला. पाणी तिच्या मोज्यांवर. बाईंनी उचलला, पाणी बाहीत. लांब केसवाल्यानं दोन्ही हातांनी धरला, तरी चोच स्वतःच्या पोटाकडे फिरली. शेवटी दाढीवाल्यांनी स्वतः धरला. तो त्यांच्या बोटांतून गुळगुळीत निसटला, मी खाली हात घालून झेलला, आणि झेलतानासुद्धा अंगठा बरोबर जागेवर बसला. त्यांची दाढी निथळत होती.

त्यांनी माझा हात उलटा केला, जगाशेजारी धरला, आणि बारकीकडे वळले. "माप कोणाच्या हाताचं घेतलंस?"

तिनं सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

मला म्हणाले, "नात्यातलं कोणी नाही म्हणालात तुम्ही."

मी तोंड उघडलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

"ते खोटं बोललेले नाहीत," बारकी म्हणाली. "मीच सांगितलं होतं वर्गात सांगू नका म्हणून. बाबा आहेत ते माझे."

"काका?" कुरळी म्हणाली.

"बाबा."

"काका तुझे बाबा?" लांब केसवाला म्हणाला. "अगं, मी किती काय काय बोललोय यांच्याबद्दल तुझ्यासमोर."

"मीही बोललेय."

"चाचणी रद्द," दाढीवाले म्हणाले. बारकीनं नुसती मान हलवली.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा माझा शब्दही उरला नव्हता. मी उठून सांगितलं, की वस्तूत काही दोष नाही. दोष असलाच तर इथल्या लोकांच्या हातांत आहे. डब्यावालीचा अंगठा आखूड आहे, बाईंचं मनगट आतून वळतं, आणि मालकांनी वस्तू धरण्यापूर्वी हात पुसायची सवय लावून घ्यावी.

"बाबा, बसा."

"का बसू? मला एक कळू दे. माझं माप तू घेतलंस कधी?"

"दुपारी झोपता तेव्हा."

"मी दुपारी झोपत नाही. डोळे मिटून विचार करतो."

"घोरता."

"बाई, मी घोरत नाही, याला विचारा," मी लांब केसवाल्याकडे बोट दाखवलं. त्यानं छताकडे पाहिलं.

"माप आणखी कोणाचं घेणार होते मी?" बारकीचा आवाज चढला. "आई एक मिनिट हात स्थिर ठेवत नाही. तुमच्या हातावर ओली माती थापली तरी तुम्हाला पत्ता नसायचा."

दाढीवाले वही काढून ओल्या टेबलावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मूठ का नाही लावलीस?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "आमच्या घरात हात लावाल तिथं यांची मूठ आहे. दार, कपाट, पोळपाट, दात घासायचा ब्रशसुद्धा. काहीही धरायला गेलं की धरायचं कसं ते यांनी आधीच ठरवलेलं असतं. मला एक वस्तू अशी करायची होती, की ती धरताना बाबा मधे येणार नाहीत." मग तिनं माझ्या हातातल्या जगाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, बरंचसं रडल्यासारखं. "आणि आता तो फक्त त्यांनाच धरता येतोय."

हे ती कौतुकानं म्हणाली असं मी धरून चाललो आहे. त्या क्षणी मात्र मला बसावंसं वाटलं. जवळ कुरळीची पायरी होती. मी पुन्हा जमिनीला लागलो.

दाढीवाले म्हणाले, "जग नापास. मुलगी पास."

कोणाला काही कळेना. ते म्हणाले, दार उघडायला मूठ काढायची हे जिला सुचतं, तिला माणूस दिसतो. फक्त आतापर्यंत तिनं एकच माणूस पाहिलाय. सोमवारपासून तिनं यायचं आणि हाच जग पुन्हा करायचा, परक्यांचे हात मोजून. ओळखीचा एकही हात चालणार नाही.

"आणि मी?" मी विचारलं. माझा अनुभव त्यांना लागेल असं मला वाटलं होतं.

"तुम्ही या इमारतीत यायचं नाही," ते म्हणाले. "आम्हाला जेवढं झेपेल तेवढं तुम्ही शिकवून झालंय."

मोठा माणूस. आपली मर्यादा ओळखतो.

९ तारीख, शनिवार

बारकी तिथंच राहिली. एका खानावळीच्या वरची खोली बाईंनी मिळवून दिली. कपाटाची मूठ मी पाहून घेतली, बरी आहे, हात लावला नाही.

बस सुटताना तिनं खोकं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं. "हा तुम्हीच न्या. इथं कोणाच्या उपयोगाचा नाही."

"आणि तुला नको?"

"मला जमत नाही तो, बाबा. माझ्याही हातून सांडतं."

हे मला आधी सुचलं नव्हतं.

मुलं बदललीयत. परवापर्यंत माझी पट्टी लपवणारा लांब केसवाला आज उठून मला खिडकीची जागा देतो. मी आलो की गप्पा थांबतात. कुरळीनं विचारलं, "काका, तुम्हाला गाणी चालतील ना?" एका दिवसात माझा पालक झाला. मी 'चालतील' म्हटलं, तर त्यांनी ती हळू आवाजात लावली.

१८ तारीख, सोमवार

जग स्वयंपाकघरात ठेवला आहे. हिनं पहिल्याच दिवशी धरून पाहिला आणि अर्धा जग पायावर घेतला. काल मेहुणे आले होते. नको म्हणत असताना त्यांनी स्वतः ओतून घेतलं, आणि जाईपर्यंत त्यांना पंख्याखाली उभं राहावं लागलं. तेव्हा मी नियम केला. घरात पाणी हवं असेल तर मला हाक मारायची.

ही म्हणाली, "म्हणजे मी पाणी कधी प्यायचं ते तुम्हाला विचारून?"

"विचारायचं नाही. सांगायचं. मी येतो."

"कारखान्यातून?"

"कितीसं लांब आहे?"

तिनं पेला नळाखाली धरला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

२७ तारीख, बुधवार

आज बारकीचा फोन. बसड्रायव्हर, न्हावी, एक दाताची डॉक्टर, ज्यांच्या ज्यांच्याजवळ उभी राहते त्यांचे हात मोजतेय. परकी माणसं हात द्यायला तयार होत नाहीत म्हणाली. मी सांगितलं, हात मागायचा नाही, हातात काहीतरी द्यायचं आणि बघत उभं राहायचं. "बघते करून," म्हणाली. लगेच वाद घातला नाही, तेव्हा दमली असावी.

मग म्हणाली, "बसड्रायव्हरचा हात तुमच्यापेक्षा मोठा आहे."

"असेल."

"आणि न्हाव्याच्या हाताच्या मापानं केलेला नवा जग त्याच्या हातातून पडला. फुटला. पुन्हा पहिल्यापासून."

"मूठ..." मी म्हणालो, आणि पुढचं बोललो नाही.

"काय?"

"काही नाही. खोकला."

"सहा महिन्यांत होईलसं वाटत नाही, बाबा. इथंच आणखी राहावं लागेल बहुतेक. दाढीवाले हो म्हणतायत. चालेल ना घरी?"

मी म्हणालो, "चालेल की. घाई करू नकोस. हात पुष्कळ आहेत." अजून काही सांगायचं होतं, पण तिला कोणाचा तरी हात मोजायला जायचं होतं.

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. आत गेली, पेला घेऊन आली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "पाणी हवंय," म्हणाली.

तिची हनुवटी ओली होती. नुकतीच नळावरून पिऊन आलेली, हे कोणालाही दिसलं असतं. मी जग उचलला आणि पेला काठापर्यंत भरला, आणि तिनं तो सगळा पिऊन टाकला.